डब्यावरचं नाव आणि बोर्डावरचा क्रमांक : पाच स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीची रोजनिशी

२८ सप्टेंबर २०२४

सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती संगणकाची पाच मशीनं टेबलावर ओळीने मांडून ठेवली आहेत. इंग्लंडात अशी मशीनं अजून मिळतात. कुणाच्या माळ्यावरून निघतात, कुणी गॅरेज रिकामं करताना देऊन टाकतं. पाचांपैकी एकही नीट चालत नाही. पाचही चालू करायची आहेत. त्याआधी प्रत्येक मशीन नेमकं कोण आहे हे वहीत उतरवायचं आहे.

स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला जाहीर झाला. तेव्हा त्याची दोन रूपं होती : १६ के, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचं, १२५ पौंडांना आणि ४८ के १७५ पौंडांना. पुढच्या काही वर्षांत मशीनांची नावं बदलत गेली : स्पेक्ट्रम प्लस, १२८, प्लस टू, प्लस टू-ए, प्लस थ्री. जाहिरातीत आणि संग्राहकांच्या याद्यांत हीच नावं दिसतात. दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. रबरी बटणांच्या आणि प्लसच्या मशीनांत जो बोर्ड बसवला जात होता, त्याच्याच इश्यू १, २, ३, ३बी, ४ए, ४बी, ५, ६ए अशा आवृत्त्या निघाल्या. क्रमांक बोर्डावर छापलेला असतो आणि झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. कुठला भाग कुठे आहे, काय कशामुळे बिघडतं आणि कुठला गेम चालणार नाही, हे त्या क्रमांकावरून कळतं.

म्हणून वहीत मशीनांना क, ख, ग, घ, च अशी नावं दिली. प्रत्येकापुढे रकाने आखले : बाहेरचा डबा, बोर्डाचा इश्यू, युएलए या मोठ्या चिपचा क्रमांक, मेमरीच्या चिप कोणत्या कंपनीच्या, आधी कुणी हात लावलाय का. शेवटचा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चाळीस वर्षांत प्रत्येक मशीनवर कुणी ना कुणी सोल्डरिंग आयर्न चालवलेलं असतं.

नियम एकच. बोर्डाचे फोटो, नोंद आणि पुरवठ्याच्या रेषांचं मोजमाप झाल्याशिवाय कुठलंही मशीन चालू करायचं नाही.

२९ सप्टेंबर

मशीन क. रबरी बटणं, डब्यावर ४८ के.

खालचे स्क्रू काढून वरचा भाग अलगद उचलला. कीबोर्डाच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या बोर्डातल्या खाचांत घुसलेल्या असतात. झाकण झटक्यात उघडलं तर त्या तिथेच तुटतात. या मशीनच्या पट्ट्या वाळून कडक झाल्या होत्या, पण अखंड निघाल्या.

बोर्ड इश्यू २. युएलए ५सी११२ई. रंग जुळवायचे दोन पोटेन्शिओमीटर आणि दोन ट्रिमर जागेवर आहेत. इश्यू ३ पासून ते नाहीसे झाले, त्यामुळे क्रमांक पुसट झाला असला तरी ही चौकडी पाहून बोर्ड ओळखता येतो. आणि झेड८० या प्रोसेसरच्या पाठीवर, थेट त्याच्या पायांना सोल्डर केलेला एक सुटा ट्रांझिस्टर आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कुणा हौशी माणसाचा उद्योग वाटेल. तो कारखान्यातच बसवलेला आहे. युएलए म्हणजे फेरांटी कंपनीची अशी चिप, जिच्यातली गेट्स आधीच तयार असतात आणि ग्राहकाने फक्त त्यांच्या जोडणीचा शेवटचा थर ठरवायचा असतो. सिंक्लेअरमध्ये हे काम रिचर्ड अल्टवासर यांनी केलं. व्हिडिओ, कीबोर्ड, कॅसेट, स्पीकर या सगळ्याचा कारभार त्या एका चिपमध्ये बसवल्यामुळेच मशीन इतकं स्वस्त झालं. पण त्या थरात चूक राहिली तर नवीन चिप तयार होऊन यायला वेळ लागतो, आणि इथे तर मागण्यांचा ढीग पडला होता. मग चूक चिपच्या बाहेर, बोर्डावर सुधारायची. इश्यू १ मध्ये त्यासाठी एक आख्खी आयसी उलटी करून, पाय वर ठेवून चिकटवली होती. इंग्रज दुरुस्तीवाले तिला आजही मेलेलं झुरळ म्हणतात. इश्यू २ मध्ये तेवढ्यासाठी एक ट्रांझिस्टर पुरला. पुढच्या बोर्डांवर त्याला रीतसर जागा मिळाली.

माझ्याकडे इश्यू १ नाही. त्याची बटणं फिकट राखाडी असतात, आणि ४८ के असेल तर वरची मेमरी एका वेगळ्या छोट्या बोर्डावर बसलेली असते. म्हणजे क मधला ट्रांझिस्टर हा सर्वांत जुन्या दुरुस्तीचा दुसरा टप्पा आहे. त्याला हात लावायचा नाही.

२ ऑक्टोबर

क चा वीजपुरवठा. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर, आणि आतला पिन ऋण. आजकालचे बहुतेक अडॅप्टर आतला पिन धन असलेले मिळतात. घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहिल्याने पुष्कळ स्पेक्ट्रम कायमचे गेलेत. मी नवा, स्थिर व्होल्टेज देणारा अडॅप्टर घेऊन त्याच्या वायरला उलटी जोडणी करून घेतली आणि त्यावर ठळक लेबल लावलं.

खालच्या १६ के मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप आहेत, आयसी६ ते आयसी१३. या चिपना तीन व्होल्टेज लागतात. पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. पिन १६ ग्राउंड. पाच व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो. १२ आणि उणे ५ मात्र बोर्डावरच तयार होतात : टीआर४, टीआर५ हे दोन ट्रांझिस्टर आणि तारेचं एक वेटोळं यांच्या छोट्या सर्किटमधून.

चालू केल्यावर ५ व्होल्ट बरोबर होते. पिन ८ वर बाराच्या जवळपासही काही नाही, पिन १ वर शून्य. स्पेक्ट्रम जिवंत असेल तर त्या वेटोळ्यातून बारीक शिट्टी ऐकू येते. इथे कान लावला तर काही नाही. लगेच बंद केलं, कारण उणे ५ नसताना ४११६ ला ५ आणि १२ देत राहणं धोक्याचं. या मशीनांत बिघाडाची साखळी ठरलेली आहे. एखादी मेमरी चिप आतून शॉर्ट होते, तिच्यामुळे टीआर४ वर भार येतो, टीआर४ जातो, त्याच्यासोबत कधी टीआर५ जातो, आणि मग उणे ५ न मिळाल्याने उरलेल्या मेमरीवर संकट येतं. कुणी नुसता ट्रांझिस्टर बदलला तर मशीन दोन मिनिटं चालतं आणि पुन्हा तिथेच येतं. म्हणून आधी मेमरी तपासायची.

५ ऑक्टोबर

वीज बंद ठेवून मल्टीमीटरने ४११६ च्या तिन्ही रेषा ग्राउंडशी मोजल्या. १२ व्होल्टच्या रेषेवर रेझिस्टन्स फारच कमी आला. आठही चिप एकाच रेषेवर असल्याने दोषी कोण हे असं कळत नाही. कुठली चिप तापते ते हाताने चाचपण्याची युक्ती पुरवठा चालू असताना उपयोगी पडते, इथे पुरवठाच उभा राहत नव्हता. मग चिप एकेक काढल्या, प्रत्येक वेळी रेषा मोजली. आयसी८ निघाल्यावर रेषा मोकळी झाली.

आठही जागी सॉकेट बसवले. इश्यू २ च्या बोर्डावरचे पॅड नाजूक आहेत, उष्णता जास्त झाली की उचलले जातात. त्यामुळे आधी प्रत्येक पायाला ताजं सोल्डर द्यायचं, मग पंपाने ओढायचं, आणि चिप हलत नसेल तर तिचे पाय कापून एकेक काढायचे. चिप गेली तर बदलता येते. ट्रॅक उखडला तर बोर्डाची खूण जाते.

टीआर४ ला नवा झेडटीएक्स६५० बसवला, टीआर५ सुद्धा बदलला. सॉकेट रिकामे ठेवून चालू केलं. शिट्टी आली. पिन ८ वर १२, पिन १ वर उणे ५. मीटर तसाच लावून अर्धा तास ठेवला, आकडे हलले नाहीत.

४११६ ऐवजी फक्त ५ व्होल्टवर चालणाऱ्या ४१६४ चिप थोडे बदल करून बसवता येतात. मग टीआर४ चं संपूर्ण सर्किटच निरुपयोगी होतं आणि मशीन जास्त भरवशाचं होतं. रोज वापरायचं मशीन असेल तर मी तसंच सुचवेन. पण क हा जवळजवळ अस्पर्शित इश्यू २ आहे. त्याला तीन व्होल्टेजवरच चालवायचं. जुन्या साठ्यातली ४११६ मिळाली, तीच बसवली.

६ ऑक्टोबर

क च्या मागच्या कनेक्टरला डायग्नॉस्टिक रॉमचं, म्हणजे तपासणीचा प्रोग्राम कायमचा भरलेल्या चिपचं, कार्ड लावलं. मूळ रॉम सुरू व्हायला चांगली मेमरी लागते. हा रॉम मेमरीवर न विसंबता तपासणी करतो आणि दोषी बिट दाखवतो. बिट ० म्हणजे आयसी६, तिथून क्रमाने बिट ७ म्हणजे आयसी१३. वरच्या ३२ के साठी आयसी१५ ते आयसी२२. खालची मेमरी निर्दोष. वरच्या मेमरीत बिट ५, म्हणजे आयसी२० सदोष.

ही वरची मेमरी हा स्पेक्ट्रमच्या रचनेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. आठ चिप मिळून ३२ के. त्या काळी ३२ किलोबिटची चिप अशी कुणी मुद्दाम बनवत नव्हतं. कारखान्यात ६४ किलोबिटच्या चिप तयार होत आणि त्यातल्या काहींचा एक अर्धा भाग खराब निघे. एरवी कचऱ्यात गेल्या असत्या अशा चिप उरलेल्या चांगल्या अर्ध्यासाठी स्वस्तात विकल्या जात. सिंक्लेअरने त्या घेतल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असेल तर ४५३२, आणि कुठला अर्धा चांगला त्यावरून शेवटी ३ किंवा ४. ओकी कंपनीची असेल तर ३७३२, आणि शेवटी एच किंवा एल. एका बोर्डावर आठही चिप एकाच कंपनीच्या आणि एकाच अर्ध्याच्या असाव्या लागतात. तारेचे छोटे पूल जोडून बोर्डाला ते सांगितलेलं असतं.

म्हणजे दोन ‘४८ के इश्यू २’ शेजारी ठेवले, तरी एकाच्या मेमरीची चिप दुसऱ्यात चालेलच असं नाही. क वर टेक्सासच्या, शेवटी ३. तशी चिप शोधत बसण्यापेक्षा ६४ किलोबिटची पूर्ण चांगली ४१६४ तिथे सरळ बसते, कारण तिचे दोन्ही अर्धे चांगले असतात. आयसी२० च्या जागी तीच लावली आणि वहीत तसं लिहिलं. काढलेली चिप तारीख घालून पाकिटात ठेवली. पुढे हे मशीन ज्याच्या हाती जाईल त्याला सात चिप एका जातीच्या आणि एक वेगळी का, हा प्रश्न पडायला नको.

मूळ रॉमवर परत आणलं. काळा पडदा, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ चा सिंक्लेअर रिसर्चचा हक्क-संदेश. क जिवंत.

१३ ऑक्टोबर

मशीन ख. हीसुद्धा रबरी बटणं. बोर्ड इश्यू ३, युएलए ६सी००१ई-६. आणि वरच्या मेमरीच्या सॉकेटमध्ये काहीच नाही! आठ मेमरी चिपच्या जागा रिकाम्या, त्यांना लागणाऱ्या चार लॉजिक आयसींच्या जागाही रिकाम्या. हा खरा १६ के आहे.

१६ के मशीनं खूप विकली गेली. पण बहुतेकांच्या मालकांनी पुढे त्या बारा आयसी बसवून ४८ के करून घेतलं. गेम ४८ के साठीच निघू लागले होते, त्यामुळे ते साहजिकच होतं. न वाढवलेला १६ के आता क्वचित दिसतो. बिघाड किरकोळ निघाला. फुगलेले कपॅसिटर बदलले आणि ७८०५ च्या पायाचं तडकलेलं सोल्डर पुन्हा केलं.

चालू झाल्यावर बेसिकमध्ये, म्हणजे मशीनच्या अंगच्याच प्रोग्रामिंगच्या भाषेत, २३७३२ आणि २३७३३ या दोन जागांवरचा आकडा वाचला. मशीनला स्वतःची मेमरी कुठवर आहे असं वाटतं, ते तिथे लिहिलेलं असतं. ख ने ३२७६७ सांगितलं. क सांगतो ६५५३५.

सॉकेट भरायचे का? भागही आहेत, काम एका संध्याकाळचं आहे. नाही भरणार. १६ के आणि ४८ के यांत फरक केवळ आकड्याचा नाही. खालच्या १६ के मधूनच युएलए पडद्यासाठी बाइट वाचते : २५६ बाय १९२ ठिपके आणि त्यांचे रंग मिळून ६९१२ बाइट. पडदा रंगवताना झेड८० ने तिथे हात घातला की युएलए त्याचं घड्याळ थोपवून धरते. वरच्या ३२ के मध्ये हा अडथळा नाही. म्हणून जाणते प्रोग्रामर वेगाचा भाग वर ठेवत. १६ के वाल्याला वर जागाच नव्हती. त्याचा प्रत्येक प्रोग्राम युएलएशी रांगेत उभा राहूनच चालायचा. ते ज्याला प्रत्यक्ष पाहायचं असेल, त्याच्यासाठी ख तसाच राहायला हवा.

१४ ऑक्टोबर

क आणि ख शेजारी ठेवून आज एक प्रयोग केला. दोन्हीवर तोच एका ओळीचा प्रोग्राम : पोर्ट २५४ (कीबोर्ड आणि कॅसेटकडून काय येतंय ते वाचायची जागा) वाचा, पडद्यावर छापा, पुन्हा वाचा. कॅसेटची वायर काढलेली, कुठलंही बटण दाबलेलं नाही.

क : २५५. ख : १९१.

रॉम तोच, बेसिक तेच, बटणं तीच. उत्तर वेगळं. या पोर्टच्या खालच्या पाच बिटांत कीबोर्ड असतो. बटण दाबलं नसेल तर पाचही १, म्हणजे ३१. बिट ५ आणि बिट ७ नेहमी १. त्यांचे ३२ आणि १२८ मिळवले की १९१ होतात. उरला बिट ६, म्हणजे ६४. हा कॅसेटचा आवाज ऐकण्याचा बिट. पण युएलएच्या ज्या पायावर कॅसेटचा सिग्नल येतो, त्याच पायावरून स्पीकरचा सिग्नल बाहेर जातो. त्यामुळे कॅसेट जोडलेली नसताना तिथे आपणच शेवटी काय पाठवलं होतं त्याचा पडसाद वाचायला मिळतो. तो पडसाद १ मानायचा की ० हे त्या पायावरच्या व्होल्टेजच्या थोड्या फरकावर ठरतं, आणि इश्यू २ वरून इश्यू ३ वर जाताना नेमका तो फरक बदलला.

सुरुवातीच्या काही गेमच्या प्रोग्रामरांनी फक्त पाच बिट न तपासता संपूर्ण बाइट २५५ आहे का असं विचारलं होतं. त्यांच्या टेबलावर इश्यू २ होता, तिथे ते चाललं. इश्यू ३ विकत घेतलेल्या मुलाच्या घरी तो गेम सतत कुठलं तरी बटण दाबलेलं आहे असं समजे. कॅसेट खराब आहे म्हणून ती दुकानात परत गेली असेल, नवीन आणली असेल, तीही तशीच वागली असेल. दोन्ही डबे बाहेरून सारखेच. डब्यावर इश्यूचा क्रमांक छापलेला असता तर हे भोग वाचले असते, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या मशीनची नक्कल करणारे आजचे चांगले प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, हा फरक वेगळी निवड म्हणून देतात. आज ते समोर दोन पडद्यांवर एकाच वेळी पाहिलं.

२० ऑक्टोबर

ख चा कीबोर्ड. वरच्या रांगेतली १ ते ५ ही बटणं लागत नव्हती. स्पेक्ट्रमच्या ४० बटणांची मांडणी आठ अर्ध्या रांगा आणि प्रत्येकीत पाच अशी आहे. म्हणून एका अर्ध्या रांगेतली पाच शेजारी बटणं एकदम गेली, तर आठ रेषांच्या पट्टीत चीर. वेगवेगळ्या ठिकाणची आठ बटणं एकदम गेली, तर पाच रेषांच्या पट्टीत. हे ध्यानात ठेवलं की मीटर न लावताही निम्मं निदान होतं.

धातूची वरची पाटी गोंदाने चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने सावकाश तापवून, रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचलली. पाटी एकदा वाकली की सरळ होत नाही. आत रिक डिकिन्सन यांचं डिझाइन : रबराची एक सलग चादर आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचं मेंब्रेन. एवढंच. नवीन मेंब्रेन आजही तयार होऊन मिळतं, ते बसवलं. चाळीसही बटणं लागतात.

२६ ऑक्टोबर

मशीन ग. डबा स्पेक्ट्रम प्लसचा : टणक बटणं, बाजूला रीसेट, मागे उंची द्यायला पाय. प्लस ऑक्टोबर १९८४ मध्ये आला. आतला बोर्ड ४८ के चाच, फक्त डबा आणि कीबोर्ड नवे.

उघडल्यावर आत इश्यू २.

प्लस निघाला तेव्हा कारखाना इश्यू २ च्या फार पुढे गेला होता. पण सिंक्लेअर प्लसचा डबा आणि कीबोर्ड किट म्हणूनही विकत होतं, रबरी मशीनच्या मालकाने घरी बोर्ड हलवायचा. रीसेटच्या दोन तारा बोर्डावर हाताने सोल्डर केल्यात, एकीवर सोल्डरचा मोठा गोळा आहे. कुणीतरी १९८२-८३ चं आपलं रबरी मशीन टाकून न देता त्याला नवा डबा चढवला. वहीत लिहिलं : डबा प्लस, बोर्ड इश्यू २, किटने रूपांतर. पोर्ट २५४ वाचला, २५५. प्लसच्या डब्यातून २५५ येताना पाहणं हा या महिन्यातला सर्वांत आनंदाचा क्षण.

डबा मूळ नाही म्हणून संग्राहक अशा मशीनला कमी भाव देतात. मला ते पटत नाही. किटही सिंक्लेअरचंच, आणि हे मशीन असंच वापरलं गेलं.

बिघाड : प्लसच्या कीबोर्डाचं मेंब्रेन. ते रबरीपेक्षा गुंतागुंतीचं असतं, जास्त थर, जास्त बटणं. तेही बदललं.

दूरदर्शन संचाची जोडणी आज तिन्ही मशीनांवर केली. मूळ मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा टीव्हीच्या अँटेनाला चालणारा सिग्नल बनवणारी डबी, युएचएफ ३६ चॅनेलवर चित्र पाठवतो. नव्या टीव्हीला ते सापडवताना जीव जातो. मॉड्युलेटरच्या आतला भाग बाजूला करून कंपोझिट व्हिडिओ सरळ त्याच सॉकेटवर आणता येतो. कुठलाही भाग कापला नाही, रेझिस्टरचा एक पाय उचलून त्यावर नळी चढवली. हवं तेव्हा परत बसवता येईल.

२ नोव्हेंबर

मशीन घ, स्पेक्ट्रम १२८. उजव्या कडेला हीटसिंकचे काळे पंख, त्यामुळे इंग्रजांनी त्याचं नाव टोस्टरॅक पाडलं. हे मशीन आधी स्पेनमध्ये निघालं, इन्व्हेस्ट्रोनिका कंपनीच्या साथीने, सप्टेंबर १९८५ मध्ये. ब्रिटनमध्ये ते १९८६ च्या सुरुवातीला आलं.

हा नुसता मेमरी वाढवलेला ४८ के नाही. आवाजासाठी एवाय-३-८९१२ चिप आली, मॉनिटरसाठी आरजीबी रंगांची जोडणी आली. पोर्ट ३२७६५ वर आकडा पाठवून वरच्या १६ के मध्ये मेमरीचा कुठला तुकडा दिसावा ते ठरवता येतं. आणि मेनूतून ४८ बेसिक निवडलं तरी हे मशीन ४८ के होत नाही. जुन्या मशीनवर पडद्याची एक रेघ २२४ टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) आणि एका फ्रेममध्ये ३१२ रेघा, एकूण ६९८८८. इथे २२८ आणि ३११, एकूण ७०९०८. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे काढणारे, टी-स्टेट मोजून लिहिलेले प्रोग्राम इथे तिरके होतात.

दोष फक्त हीटसिंकजवळच्या रेग्युलेटरचा. अर्ध्या तासात संपला.

९ नोव्हेंबर

मशीन च. काळा डबा, अंगचाच टेपरेकॉर्डर, समोर प्लस टू लिहिलेलं.

एप्रिल १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतला. त्याच वर्षी करड्या डब्याचा प्लस टू काढला. तो आतून जवळपास १२८ च. काळा मात्र प्लस टू-ए. त्याचा बोर्ड १९८७ च्या प्लस थ्री वरून आलेला, युएलएच्या जागी अॅमस्ट्रॅडच्या स्वतःच्या गेट-अॅरे चिपवर बांधलेला. १२८ मध्ये रॉम ३२ के, यात ६४ के. वीजपुरवठाही वेगळा : ५, १२ आणि उणे १२ व्होल्ट एकाच गोल प्लगमधून. मागच्या कनेक्टरच्या काही रेषा बदलल्या, त्यामुळे सिंक्लेअरचं इंटरफेस १ हे मागे लावायचं जोड-उपकरण याला चालत नाही.

टेपचा पट्टा वितळून चिकट डांबर झाला होता. स्पिरिटने पुसून नवा घातला. चालू केल्यावर मेनू आला, आणि त्यात लिहिलं होतं : प्लस थ्री बेसिक. डब्यावर प्लस टू, मेनूत प्लस थ्री. करड्या प्लस टू साठी घेतलेलं उपकरण याला का चालत नाही असं कुणी विचारलं, तर यापुढे हा मेनूच दाखवीन.

१० नोव्हेंबर

पुण्याहून भाच्याचा फोन. त्याला एका ओळखीच्यांकडून डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळालाय. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात परवान्याने आणलेला स्पेक्ट्रम प्लस तो हाच. विक्री १९९० पर्यंत चालली.

“आत्या, लावून बघू का? अडॅप्टर आहे माझ्याकडे नऊ व्होल्टचा.”

“आतला पिन धन की ऋण?”

“ते कुठे लिहिलेलं असतं?”

“मग लावू नकोस, बाळा. आधी उघड. झाकण सरळ वर उचल, ओढू नकोस. बोर्डावर इश्यू म्हणून काही छापलंय का बघ. मोठ्या चिपवरचे आकडे, मेमरीवरचे आकडे, सगळ्यांचे जवळून फोटो काढ. पुसलेलं असेल तर टॉर्च तिरका धर.”

“आणि मग चालू करू?”

“मग मला पाठव.”

वहीत नवीन पान काढलं, मशीन छ. डबा : डीबी स्पेक्ट्रम प्लस. बाकीचे रकाने कोरे. पिनची दिशा तपासायला मीटर कसा धरायचा ते त्याला व्हॉट्सअॅपवर चित्र काढून पाठवलं.